पहारेकरी नसलेले आभाळ

१५ ऑक्टोबर १९३२ ह्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास जुहूच्या मैदानावर एक लहानसे विमान उतरले. विमान ‘पस मॉथ’ जातीचे, आत माणूस एकच, आणि त्याच्यासोबत सुमारे ५५ पौंड वजनाचे टपाल. तो माणूस म्हणजे २८ वर्षांचे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. सकाळी साडेसहानंतर ते कराचीच्या द्रिघ रोड तळावरून निघाले, वाटेत अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले पेट्रोल भरून घेतले, आणि मुंबईस पोचले. पुढे नेव्हिल व्हिंटसेंट ह्यांनी बेल्लारीमार्गे ते टपाल मद्रासकडे नेले. पुढे एअर-इंडिया म्हणून नावारूपास आलेल्या विमानसेवेचा हा पहिला दिवस.

ह्या उड्डाणाची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकलेली असते. परंतु ती ऐकताना एक साधा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. टाटांना ‘आता उतरा’ असे सांगितले कोणी? त्यांच्या विमानात रेडिओ नव्हता. वाट दाखवणारे कसलेही साधन जमिनीवर नव्हते की हवेत नव्हते. जुहूच्या मैदानावर तर १९२८ पासून बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमाने उडत होती. त्याच क्लबात शिकून टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी ह्या देशात दिला गेलेला पहिला वैमानिकी परवाना मिळवला होता. म्हणजे आभाळ काही त्यांच्या एकट्याच्या मालकीचे नव्हते. एखादा शिकाऊ वैमानिक त्याच वेळी उतरू लागला असता तर? दोघांपैकी कोणी थांबायचे, कोणी पुढे जायचे, हे ठरवणार कोण?

उत्तर असे की ठरवणारा कोणी नव्हता, आणि तरीही ते ठरलेले होते. हे कसे, तेच आज सांगावयाचे आहे.

आपण उपनगरांतली माणसे आगगाडीच्या शिस्तीत वाढलेली. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली गाडी धावली, ती आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या बाजूनेच. तेव्हापासून आपल्या मनात वाहतूक म्हणजे रूळ, सिग्नल आणि केबिनमध्ये बसलेला माणूस असे समीकरण पक्के बसले आहे. हात पडला की गाडी सुटते, हात वर असला की थांबते. चालकाने दुसऱ्या गाडीकडे बघत बसण्याचे कारण नाही, कारण त्याच्यासाठी दुसरा कोणी बघत असतो. विमानतळावरचा उंच मनोरा हा ह्याच केबिनचा वंशज. त्याच्या काचेआडून एक माणूस सारे मैदान पाहतो व एकेकाला आज्ञा देतो. सांताक्रूझसारख्या मोठ्या विमानतळाचे काम असल्या मनोऱ्यावाचून एक घटकाही चालणार नाही.

परंतु जगातले बहुसंख्य विमानतळ सांताक्रूझसारखे नाहीत. एखादी धावपट्टी, एखादी पत्र्याची शेड, खांबावर फडफडणारी वाऱ्याची पिशवी, इतकाच ज्यांचा संसार, अशी मैदाने हजारोंनी आहेत. तेथे मनोरा नाही आणि मनोऱ्यातला माणूसही नाही. वर येणाऱ्या दोन-तीन लहान विमानांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतात. तरी ती एकामागून एक खाली येतात, टेकतात व बाजूला होतात. जुहूचे आरंभीचे आभाळ ह्याच जातीचे होते.

ह्या व्यवहाराचा पाया समुद्रावर घातला गेला. दर्यावर फिरणाऱ्या गलबतांना रूळ नसतात आणि भर समुद्रात सिग्नलवालाही नसतो. म्हणून नाविकांनी आपसांत नियम ठरवले होते. पहिल्या महायुद्धानंतर विमाने प्रवासी व टपाल नेऊ लागली, तेव्हा ऑक्टोबर १९१९ मध्ये पॅरिस येथे राष्ट्रांनी एक करार केला, आणि त्याच्या एका परिशिष्टात हवेतील वाटचालीचे नियम घालून दिले. त्यांतील बरेचसे समुद्रावरून उचललेले होते. दोघे समोरासमोर आले तर प्रत्येकाने आपल्या उजवीकडे वळावे. दोघांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा आहे त्याने वाट द्यावी. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने पुढच्याला त्रास होईल असे करू नये.

दिव्यांची मांडणीही जहाजांचीच. डाव्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा, शेपटीला पांढरा. ह्यातली खुबी पाहण्यासारखी आहे. रात्री माझ्या उजवीकडून कोणी आडवा येत असेल तर मला त्याची डावी बाजू दिसणार, म्हणजे लाल दिवा दिसणार. आणि अशा वेळी थांबायचे मीच. त्याला मात्र माझी उजवी बाजू, म्हणजे हिरवा दिवा दिसणार, आणि वाट त्याचीच. दोघांना एकमेकांशी एक शब्दही बोलावा लागत नाही. प्रत्येक विमान दुसऱ्याचा सिग्नल आपल्या अंगावरच वागवीत असते!

नियम कागदावर आले म्हणजे ते अंगवळणी पडतातच असे नाही. त्याला मरण पाहावे लागते. ७ एप्रिल १९२२ रोजी एक इंग्रजी टपाल विमान लंडनजवळच्या क्रॉयडन तळाहून पॅरिसकडे निघाले होते, आणि एक फ्रेंच प्रवासी विमान पॅरिसहून क्रॉयडनकडे येत होते. उत्तर फ्रान्समध्ये धुके होते. त्या काळचे वैमानिक खालचा रस्ता किंवा आगगाडीचा रूळ धरून वाट काढीत. दोघांनीही एकच रस्ता धरला, दोघेही धुक्यामुळे खाली उतरलेले, आणि दोघेही बरोबर त्या रस्त्याच्या डोक्यावर. पिकार्डी प्रांतात ती विमाने समोरासमोर आदळली व दोन्हींतली मिळून ७ माणसे गेली. प्रवासी विमानांची हवेत झालेली ही पहिली टक्कर. त्यानंतर सर्वांनी मान्य केले की खालची खूण धरून जाताना ती आपल्या डाव्या हाताला ठेवावी, म्हणजे जाणारा व येणारा आपापल्या उजवीकडून जातील. किती साधी गोष्ट! अंधेरी स्टेशनच्या जिन्यावर चढणाऱ्यांनी एक बाजू व उतरणाऱ्यांनी दुसरी धरावी, इतकीच ती साधी. पण ती साधी गोष्ट पक्की व्हायला सात जीव जावे लागले.

आपल्या देशात १९३४ साली विमान कायदा झाला व १९३७ साली त्याखालचे नियम आले. कायद्याची जागा पुढे २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली, परंतु हवेत वाट कोणी कोणाला द्यावी ह्याचा गाभा तोच राहिला. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारामुळे हेच नियम बहुतेक साऱ्या जगाला लागू झाले. त्यामुळे नैरोबीचा वैमानिक नागपुरास आला काय किंवा नागपूरचा नैरोबीला गेला काय, कोणी कोणत्या अंगाला वळायचे ह्यावर त्यांच्यात वाद होण्याचे कारण नाही.

प्रवासातले हे नियम झाले. खरी कसोटी मात्र उतरताना लागते. मोकळ्या आभाळात जागा अफाट असते. दोघांची गाठ पडणे हाच योगायोग. धावपट्टी मात्र एकच, आणि सर्वांना तिच्याच एका टोकावर यायचे असते. अनेक ओढे एका मोरीखालून जावेत, तशी सारी विमाने त्या शेवटच्या अर्ध्या मैलात जमा होतात. मनोरा नसलेल्या मैदानांजवळच्या टकरी पाहिल्या तर त्यांतल्या पुष्कळशा ह्या शेवटच्या उतारावर किंवा धावपट्टीवरच झालेल्या आढळतात.

म्हणून उतरण्याची एक ठरीव वाट असते. तिला वैमानिक ‘सर्किट’ म्हणतात. आपण फेरी म्हणू. समजा, जुहूवर दुपारचा पश्चिमेचा वारा सुटला आहे. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उडते व तसेच उतरते, म्हणजे येथे समुद्राकडे तोंड करून. उडालेले विमान समुद्राकडे जाते, डावीकडे म्हणजे दक्षिणेस वळते, पुन्हा डावीकडे वळून धावपट्टीला समांतर असे पूर्वेकडे जाते, धावपट्टीचे टोक मागे पडले की पुन्हा डावीकडे, आणि शेवटी आणखी एकदा डावीकडे वळून पार्ल्याच्या अंगाने धावपट्टीवर येते. जमिनीपासून साधारण १,००० फुटांवरून ही आयताकृती फेरी चालते. तिच्या प्रत्येक बाजूस नाव आहे, आणि सर्व वळणे एकाच अंगाची. डावे अंग पत्करण्याचे कारण असे की शेजारी शेजारी आसने असली म्हणजे मुख्य वैमानिक डावीकडे बसतो, व त्या बाजूची जमीन त्याला नीट दिसते. काही तळांवर गावासाठी किंवा डोंगरासाठी फेरी उजवी ठेवतात, पण तेही आधी जाहीर केलेले असते.

बाहेरून येणाऱ्याने काय करायचे? त्याने एकदम खाली घुसायचे नाही. आधी वरून मैदान पाहायचे, वाऱ्याची पिशवी कोणीकडे फुगली आहे ते पाहायचे, फेरीत कोण कोण आहेत ते मोजायचे, आणि मग रांगेत आपल्या जागी शिरायचे. जुन्या तळांवर जमिनीवर पांढऱ्या रंगाचे मोठे इंग्रजी ‘टी’ अक्षर मांडून ठेवीत. उतरण्याची दिशा त्यावरून कळे. आणीबाणीच्या वेळी रंगीत बाण उडवणारे पिस्तूल असे. बोलणे नाही, पण सांगणे चोख.

आणखी एक नियम आहे, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोन विमाने एकाच वेळी उतरू लागली तर जे खाली आहे त्याचा मान पहिला. परंतु ह्या नियमाला लागूनच दुसरे वाक्य आहे: हा मान मिळवण्यासाठी कोणी मुद्दाम खाली सूर मारून दुसऱ्याच्या पुढे घुसू नये. नियम करणाऱ्यांना माणूस चांगला ठाऊक होता! हक्क दिला की हक्काचा गैरवापर करणारा निघणार, हे ओळखून त्यांनी दार आधीच लावून घेतले. बसच्या रांगेचा ज्यांना अनुभव आहे त्या बोरिवली-मुलुंडकरांना ह्या दुसऱ्या वाक्याची थोरवी निराळी सांगावयास नको.

इथवर वाचून कोणी म्हणेल की इतके नियम असल्यावर भीती कसली? भीती माणसाच्या डोळ्याची. ह्या साऱ्या व्यवस्थेचे मूळ सूत्र आहे, ‘पाहा आणि टाळा’. आता हे पाहणे किती कठीण आहे, त्याचे एक लहानसे गणित शाळामास्तराच्या सवयीने मांडतो.

दोन लहान विमाने समोरासमोर येत आहेत. प्रत्येकाचा वेग तासाला १८० किलोमीटर. म्हणजे त्यांच्यामधले अंतर तासाला ३६० किलोमीटरने, अर्थात सेकंदाला १०० मीटरने घटते. काहीतरी दिसले, ते विमान आहे हे कळले, ते आपल्याच अंगावर येत आहे हे उमगले, कोणीकडे वळावे हे ठरले, हात हलला व विमान खरोखर वळले, ह्या सर्वांस मिळून सुमारे साडेबारा सेकंद लागतात, असा हिशेब अमेरिकेचे विमान खाते वैमानिकांना शिकवते. तेवढ्यात १,२५० मीटर संपतात. म्हणजे सव्वा किलोमीटर दूर असतानाच ते दिसले पाहिजे. लहान विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अकरा मीटरांच्या आसपास. इतक्या दूरवर ते केवढे दिसतील? हात लांब करून दोन बोटांत धरलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढे! आणि तेही पंख. मधले धड त्याहून बारीक. विस्तीर्ण आभाळात हा दाणा शोधायचा, आणि तोही समोर सूर्य असला तरी.

ह्यात आणखी एक क्रूर गंमत आहे. आपला डोळा हलणाऱ्या वस्तूकडे चटकन वळतो. परंतु जे विमान आपल्यावर आदळणार असते ते काचेत हलत नाही. दोघे सरळ वाटेने एकाच बिंदूकडे येत असले की दुसरा काचेच्या त्याच जागी चिकटल्यासारखा राहतो. एखादा किडा काचेवर बसावा तसा. तो फक्त मोठा होत जातो, आणि तोही बराच वेळ अगदी सावकाश, शेवटच्या काही सेकंदांत मात्र एकदम. म्हणून जुने शिक्षक शिष्यांना सांगतात की जो हलतो त्याची काळजी कमी कर, जो हलत नाही त्याची जास्त कर.

आणि विमानाची घडणही आड येते. काही विमानांचे पंख डोक्यावर असतात; टाटांचे पस मॉथ असेच होते. अशा विमानातून खालचे छान दिसते, वरचे झाकले जाते. काहींचे पंख पायांखाली असतात. त्यांना वरचे दिसते, खालचे दिसत नाही. आता पायांखाली पंख असलेले विमान वर, आणि डोक्यावर पंख असलेले खाली, असे दोघे एकाच उतारावर येऊ लागले तर? दोघांचेही डोळे उघडे, दोघेही सावध, दोघेही नियमाने चाललेले, आणि दोघेही एकमेकांना आंधळे. ठरीव फेरी हवी ती ह्यासाठी. वळणावर विमान कलते तेव्हा झाकलेली बाजू उघडी पडते, आणि जो दिसत नव्हता तो दिसतो. सरळ लांबून येणाऱ्याला ही संधीच मिळत नाही.

मग रेडिओ आला. मनोरा नसलेल्या तळांसाठी ठरावीक लहरी नेमून दिल्या गेल्या. येणाऱ्याने त्या लहरीवर आपले नाव, जागा व बेत सांगायचा. ऐकणाऱ्यांनी ऐकून आपली वाट ठरवायची. आज्ञा देणारा येथेही कोणी नाही. चावडीवर प्रत्येकाने आपापले सांगावे तसा हा प्रकार. आता टकरी संपल्या, असे वाटावे इतकी ही सोय मोठी होती. पण डोळ्याचे काम कानावर सोपवले की काय होते, ते १९९६ साली दिसले.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात क्विन्सी नावाच्या गावी मनोरा नसलेला विमानतळ आहे. १९ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी एक लहान प्रवासी विमान तेथे उतरत होते. आत दोन वैमानिक व दहा उतारू. त्याच्या वैमानिकांनी आपण येत असल्याचे लहरीवर पुन्हा पुन्हा सांगितले होते. त्यांच्या धावपट्टीला छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाशी दोन विमाने उभी होती. पुढे एक किंग एअर, त्याच्यामागे एक लहानगे चेरोकी. उतरणाऱ्यांनी विचारले, तुम्ही थांबणार आहात ना? उत्तर आले की आम्ही थांबलो आहोत. ते उत्तर मागच्या चेरोकीने दिले होते. त्यात किंग एअरचा उल्लेखही होता, पण नेमक्या त्याच क्षणी उतरणाऱ्या विमानातले उंची सांगणारे यंत्र बोलले आणि शब्द पुसट झाले. वैमानिकांना वाटले, पुढच्याने उत्तर दिले. तो पुढचा मात्र काही बोललाच नव्हता, आणि तो निघाला. दोन्ही विमाने चौकात आदळली. आघातातून उतारू वाचले असावेत, असे चौकशीत दिसले. पण दार अडकले, मदतीस धावलेल्यांना ते उघडेना, आणि आगीने सर्व १४ जणांचा घास घेतला. चौकशीचा ठपका मुख्यतः किंग एअरच्या वैमानिकांवर आला: त्यांनी लहर ऐकली नाही व आजूबाजूस नीट पाहिले नाही.

विचारले ते योग्य माणसाला, उत्तर दिले भलत्याने, आणि ते ऐकणाऱ्याला आपल्या मनाजोगते वाटले. आपल्या नित्याच्या संसारात असे किती वेळा घडते! तेथे त्याची किंमत गैरसमजावर भागते, एवढेच.

पुढे १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल ह्या मनोरा नसलेल्या तळावर आणखी एक टक्कर झाली. एक दोन आसनी सेस्ना फेरीच्या नियमाने उतरत होते. दुसरे, मोठे, दोन इंजिनांचे सेस्ना लांबून सरळ येत होते, आणि त्याचा वेग उतरणाऱ्या विमानाला न शोभणारा, तासाला सुमारे ३३० किलोमीटर होता. दोघेही लहरीवर बोलत होते. लहान विमानातल्या वैमानिकाला मागून कोणी भरधाव येत आहे हे कळले, आपण उतरणे सोडून पुढे जातो असेही त्याने सांगितले. तोवर उशीर झाला होता. तीन माणसे गेली. ह्यात बोलणे कमी पडले नाही. कमी पडला तो रांगेचा मान.

ह्यावर सोपा उपाय सुचतो की सर्वत्र मनोरे बांधा. परंतु दिवसाकाठी चार विमाने उतरणाऱ्या मैदानावर मनोरा बांधणे व माणसे नेमणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. आणि मनोरा असला म्हणजे डोळे मिटावेत असेही नाही, ह्याची साक्ष आपली उपनगरेच देतात.

युद्धानंतर मोठी विमाने सांताक्रूझवर येऊ लागली आणि जुहू लहानांकडे राहिले. दोन्ही तळांमध्ये अंतर उण्यापुऱ्या दोन-तीन किलोमीटरांचे, आणि दोन्हींच्या एकेका धावपट्टीचा रोख साधारण पूर्व-पश्चिम. १५ जुलै १९५३ रोजी बी.ओ.ए.सी. कंपनीचे कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. नऊ दिवसांनी ते तेथून उडवून नेण्यात आले. एवढ्याने धडा मिळाला म्हणावे, तर २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डी. सी. आठ जातीचे विमान तसेच जुहूवर उतरले, धावपट्टी संपवून पुढे गेले व कायमचे निकामी झाले. दोन्ही वेळा प्राणहानी झाली नाही, हे आपले भाग्य. मनोऱ्याचे काम त्यांना सांताक्रूझला उतरवणे. जुहूवर उतरवले ते मनाने. मनाला जी धावपट्टी हवी होती ती डोळ्याने पुढे करून दिली. त्या क्षणी जुहूच्या फेरीत एखादा शिकाऊ वैमानिक आपल्या लहानशा विमानातून निमूटपणे नियम पाळत उतरत असता, तर पाठीमागून असा डोंगर येईल अशी कल्पना त्याला कोठून यावी?

आणि १९९६ सालचाच नोव्हेंबर घ्या. क्विन्सीच्या अपघाताआधी बरोबर एक आठवडा, म्हणजे १२ तारखेस, हरियाणात चरखी दादरीच्या आभाळात दोन प्रचंड विमाने एकमेकांवर आदळली व ३४९ माणसे मेली. तेथे दिल्लीचा नियंत्रक होता, रेडिओ होता, दोघांना निरनिराळी उंची नेमून दिली होती. त्यांतले एक आपली उंची सोडून खाली आले. एकाच आठवड्यात दोन टकरी. एक पहारेकरी असलेल्या आभाळात, दुसरी नसलेल्या. त्यानंतर आपल्या देशाने मोठ्या विमानांत टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे केले, ते योग्यच झाले. अशी यंत्रे येत राहतील, स्वस्त होतील, लहान विमानांतही बसतील. परंतु इतिहासाचा क्रम पाहा: खूण आली, दिवे आले, रेडिओ आला, मनोरा आला. प्रत्येकाने पुष्कळ जीव वाचवले. आणि प्रत्येकाच्या आगमनानंतर काही माणसे एवढ्यासाठी मेली की त्यांनी साधनाला आपले डोळे समजून घेतले.

वर्गात मास्तर नसताना वर्ग कसा बसतो, ह्यावर त्या वर्गाची परीक्षा करावी असे आम्ही शिक्षक म्हणतो. मला वाटते, समाजाचीही परीक्षा अशीच करावी. चौकात शिपाई उभा असताना सर्वच थांबतात. तो चहाला गेला की खरा माणूस दिसू लागतो. ‘कोणी बघत नाही’ हे वाक्य आपल्याकडे सुटकेच्या आनंदाने उच्चारले जाते. मनोरा नसलेल्या मैदानावर त्याच वाक्याचा अर्थ अगदी उलटा होतो: कोणी बघत नाही, म्हणून मलाच बघितले पाहिजे. त्या आभाळातला नियम शिक्षेच्या भयाने पाळला जात नाही. आपण ज्याला ओळखत नाही, जो बहुधा कधी भेटणारही नाही, अशा माणसाला आपली वाट आधीच ठाऊक असावी म्हणून तो पाळायचा. ‘मी डावीकडेच वळेन, मी रांग मोडणार नाही, तू निर्धास्त ये,’ असा तो एका परक्याला दिलेला शब्द आहे. आणि शब्द देऊनही त्या परक्याने आपल्याला पाहिले असेलच असे धरून चालायचे नाही, ही त्यातली दुसरी अर्धी शिकवण. विश्वास ठेवायचा आणि डोळेही उघडे ठेवायचे.

जुहूचे मैदान अजून आहे. तेथे आता मुख्यतः हेलिकॉप्टरे ये-जा करतात, आणि त्यांना सांगणारे-सवरणारे आहेत. वैमानिकी शिकवणाऱ्या संस्था धुळे, शिरपूर, बारामती अशा गावांकडे निघाल्या आहेत. ज्वारी-उसाच्या शेतांवरून आज मराठी मुलेमुली लहान विमाने उडवावयास शिकतात. यंत्रे त्यांच्यापाशी टाटांच्या पस मॉथहून कितीतरी पट अधिक आहेत. तरी शिक्षक त्यांना आरंभीच एक सवय लावतात: वळण्याआधी मान वळवायची, ज्या अंगाला जायचे तिकडे आधी पाहायचे, वर पाहायचे, खाली पाहायचे, आणि मगच हात हलवायचा.